दप्तरदाराचा धर्म

शूद्रकाचे 'मृच्छकटिक' ज्यांनी मुळात वाचले असेल, किंवा गोविंद बल्लाळ देवलांच्या मराठी अवतारात रंगभूमीवर पाहिले असेल, त्यांना पहिल्या अंकातील ठेवीचा प्रसंग आठवत असेल. तो आपल्याच नगरीत घडतो. राजाचा मेहुणा शकार पाठीस लागल्यामुळे वसंतसेना रात्रीच्या अंधारात चारुदत्ताच्या घरात शिरते आणि निघताना आपले दागिने त्याच्यापाशी ठेवून जाते. दानधर्मात निर्धन झालेला चारुदत्त संकोचतो. असले पडके घर ठेव ठेवण्याच्या योग्यतेचे नाही, असे सुचवितो. वसंतसेनेचे म्हणणे असे की, ठेव ठेवताना घराकडे पाहावयाचे नसते, माणसाकडे पाहावयाचे असते. चारुदत्त निरुत्तर होतो आणि ठेव राहते.

आम्ही आयुष्यातील बरीच वर्षे डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर या नावाच्या व्यवसायात काढली. त्या व्यवसायाची तांत्रिक व्याख्या करणारी जाडजूड पुस्तके आम्ही वाचली. परंतु वसंतसेनेच्या या उत्तराइतके त्याचे मर्म सांगणारे दुसरे काही आमच्या वाचनात आले नाही. ज्याच्या हाती दुसऱ्यांच्या नोंदी आहेत, ज्याला त्या पाहता येतात, बदलता येतात आणि पुसताही येतात, त्याने कसे वागावे? कोणी पाहत नसताना त्याला बांधून ठेवणारे काय असते? या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

ज्येष्ठ मंडळी अनेकदा विचारतात की, या माणसाचे काम तरी नेमके कोणते. त्यांना आम्ही सांगतो की, हा संगणकयुगातील दप्तरदार होय. बँकेतील खाती, रुग्णालयातील तपासण्या, विद्यापीठातील गुण, तहसिलीतील जमिनीचे उतारे हे सर्व आज कोष्टकांच्या रूपाने संगणकात साठविलेले असते. कोष्टकांची एकमेकांशी सांगड घालून माहिती ठेवण्याची ही रीत आयबीएम कंपनीतील गणिती एडगर कॉड यांनी १९७० साली एका निबंधात मांडली, आणि आजही जगातील बहुतेक व्यवहार तिच्यावरच चालतात. ही कोष्टके सुस्थितीत ठेवणे, कोणाला काय दिसावे आणि काय दिसू नये ते ठरल्याप्रमाणे बांधून देणे, त्यांच्या प्रती वेळेवर घेणे आणि बिघाड झाल्यास सर्व पूर्ववत उभे करणे, हे त्याचे काम.

माळव्यातील मराठी कुटुंबांना हे काम परके वाटू नये. शिंदे-होळकरांच्या फौजांमागून या प्रांतात जी घराणी आली, त्यांतील पुष्कळ घराणी तलवारीपेक्षा लेखणीवर जगली. फडणीस, चिटणीस, पोतनीस, मुजुमदार, दप्तरदार ही आडनावे आपल्यांतील कित्येक घरांच्या दारांवर आजही आहेत, आणि त्यांतील प्रत्येक नाव मुळात नोंदीच्या एकेका कामाचे आहे. संगणकातील पद्धतीही त्या जुन्या लेखनिकांना ओळखीची वाटली असती. रोजचा व्यवहार प्रथम रोजकीर्दीत क्रमवार लिहावयाचा, मग तो खतावणीत त्या त्या खात्यावर चढवावयाचा, ही आपली जुनी रीत. डेटाबेसही हेच करतो. कोणताही बदल तो आधी एका क्रमवार नोंदवहीत लिहितो आणि मगच मूळ कोष्टकात पक्का करतो. मध्येच वीज गेली आणि कोष्टक अर्धवट राहिले, तर त्या नोंदवहीवरून ते पुन्हा उभे करता येते. खतावणी बिघडली तर कीर्दीवरून पुन्हा मांडावी, तसेच हे.

आता कर्तव्याकडे वळू. पहिले कर्तव्य न पाहण्याचे आहे.

डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटरला बहुधा सर्व काही दिसते. त्याच्या हाती जी किल्ली असते, ती एका कपाटाची नसून सगळ्या इमारतीची असते. काही वर्षांपूर्वी परिचयातील एका वयोवृद्ध गृहस्थांनी आम्हांस बाजूस घेऊन एक विनंती केली. नातीची सोयरीक जुळत होती. मुलाकडच्यांनी पगार सांगितला होता, घरावरचे कर्ज फिटल्याचे सांगितले होते. "तुमच्याच हातात आहे सगळं. काही बदलायचं नाही, कोणाला सांगायचं नाही, नुसती नजर टाका," असे ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात लोभ नव्हता, काळजी होती. आम्ही नकार दिला आणि पुढे कित्येक महिने त्यांनी आमच्याशी बोलणे टाकले.

त्यांच्या दृष्टीने आमचा नकार निव्वळ कोरडा नियमबाजपणा होता, आणि त्यांचा प्रश्न सहज उडवून लावण्याजोगा नाही. नजर टाकल्याने कोणाचा एक पैसाही कमी झाला नसता. एका मुलीचे कदाचित कल्याणच झाले असते. मग त्यात वाईट काय? आमचे उत्तर असे आहे. त्या तरुणाने आपल्या कर्जाची माहिती बँकेला दिली ती कर्जासाठी. आम्ही ती पाहिली असती, तर त्याने कधीही न दिलेली परवानगी आम्ही त्याच्या वतीने परस्पर घेतली असती. दुसरे असे की, पाहिलेले पुन्हा न पाहिलेले करता येत नाही. त्या क्षणापासून आम्ही त्या घराविषयी काहीतरी जाणणारे झालो असतो. लग्नमंडपात त्या मुलाला नमस्कार करताना त्याच्या कर्जाचा आकडा आमच्या मनात उभा राहिला असता. ठेवीच्या पेटीचे कुलूप काढून आत डोकावणारा आतील दागिना चोरत नसेल. तरी पेटी देणाऱ्याने त्याच्याविषयी जे गृहीत धरले होते ते खोटे ठरते.

आपल्या क्षिप्रेच्या घाटावरील तीर्थपुरोहितांच्या वह्यांकडे या दृष्टीने पाहावे. पिढ्यान्‌पिढ्यांची नावे त्यांत असतात; गाव आणि कूळ सांगितले की पुरोहित त्या घराण्याचे पान काढून देतो. त्या वह्यांचे मोल जेवढे त्यांतील मजकुरात आहे तेवढेच त्या हातात आहे. आपल्या आजोबांचे नाव आपल्याला दाखविणारा पुरोहित आपल्या घरातील मृत्यू, दत्तके आणि दुसरी लग्ने गावभर सांगत सुटला असता, तर पुढल्या पिढीने त्याला खरे नाव सांगितले असते काय? नोंद खरी असते ती सांगणारा निर्धास्त असतो म्हणून. रुग्ण डॉक्टरांना खरे सांगतो, कर्जदार बँकेला खरे सांगतो, ते याच आधारावर.

दुसरे कर्तव्य गुपचूप न बदलण्याचे आहे, आणि ते पहिल्याहून कठीण आहे. कारण येथे समोर पुष्कळदा न्याय उभा असतो.

एका सहकारी संस्थेतील एक उदाहरण सांगतो. एका शेतकऱ्याने पीककर्जाचा भरणा मुदतीच्या शेवटच्या दिवशी केला. पावतीवर ती तारीख होती. परंतु गर्दी आणि खंडित वीज यांमुळे संगणकातील नोंद दुसऱ्या दिवशीची झाली, आणि व्याजाची सवलत गेली. तेथील एक वरिष्ठ अधिकारी आम्हांस म्हणाले की, एका ओळीची आज्ञा देऊन तारीख मागे घ्या. म्हातारा हेलपाटे घालतो आहे. ते खरे बोलत होते. ती आज्ञा लिहावयास अर्धे मिनिटही लागले नसते. आम्ही सांगितले की, चुकीची नोंद आहे तशी राहील. तिच्यासमोर दुरुस्तीची नवी नोंद होईल, पावतीची प्रत जोडली जाईल, कारण लिहिले जाईल आणि दोघांच्या मान्यतेने ती पक्की होईल. या सर्वाला तीन आठवडे लागले. सवलत मिळाली, पण त्या तीन आठवड्यांत त्या वृद्धाने आणखी चार वेळा तालुक्याला फेरी मारली.

ते हेलपाटे आम्ही हिशेबातून वगळू इच्छित नाही. न्याय उशिरा मिळणे हेही एक नुकसान आहे, आणि ज्याच्या पायाला ते चालणे पडले तो आम्ही नव्हतो. तरीही आम्ही त्याच निर्णयावर आहोत, आणि त्याचे कारण त्या शेतकऱ्याच्या हिताचेच आहे. जो हात त्याच्या बाजूने तारीख मागे नेऊ शकतो, तोच हात उद्या त्याच्याविरुद्ध ती पुढे नेऊ शकतो. खूण न ठेवता झालेला बदल चांगल्या हेतूने झाला की वाईट हेतूने, हे त्या नोंदीकडे पाहून कोणालाही सांगता येत नाही. आज आमच्या दयाळूपणावर ज्याचा हक्क टिकला, त्याचा हक्क उद्या दुसऱ्याच्या लहरीवर अवलंबून राहणार. दुबळ्या माणसाला दयेहून अधिक गरज असते ती कोणाच्याही दयेने न हलणाऱ्या कागदाची.

आपल्या पूर्वजांनी हे ओळखले होते. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आज सहज वापरतो. पण कागदाच्या शेवटी मोर्तब करण्यामागे व्यवहारी शहाणपण होते. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही वाढवू नये, अशी ती खूण. शिवकालीन अष्टप्रधानांत जमाखर्च पाहणारा मुजुमदार वेगळा आणि राजपत्रांतील मजकुराची शुद्धाशुद्धता पाहणारा सुरनीस वेगळा. एकाच हाती सर्व देऊ नये, हे तत्त्व आजचे लेखापरीक्षकही आम्हांस शिकवितात.

ग्रंथांच्या बाबतीत हाच प्रश्न आणखी सूक्ष्म होतो. आपल्या शहरातील सिंधिया प्राच्यविद्या प्रतिष्ठानात ज्यांनी हस्तलिखिते चाळली असतील, त्यांना नकलकारांची एक जुनी प्रथा ठाऊक असेल. पोथीच्या शेवटी नकलकार नम्रपणे लिहितो की, जसे पाहिले तसे उतरविले, दोष मला देऊ नये. ही सबब वाटते खरी. परंतु पाठचिकित्सा करणाऱ्यांना विचारावे. समोरची चूक तशीच उतरविणाऱ्या नकलकारापेक्षा, आपल्या मते शुद्ध करून लिहिणारा विद्वान नकलकार त्यांना अधिक त्रास देतो. कारण त्याची दुरुस्ती दिसत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतले आणि १९६६ साली ते पूर्ण झाले. १९२५ पासून १९४३ साली निधन होईपर्यंत विष्णु सीताराम सुकथनकर हे तिचे प्रधान संपादक होते. त्या आवृत्तीत संपादकांनी स्वीकारलेला पाठ वर आहे आणि न स्वीकारलेले पाठ खाली टिपांत आहेत. निर्णय संपादकाचा, पण तो तपासण्याचे साधन वाचकाच्या हाती. दुरुस्ती करणाऱ्याने कसे वागावे याचा याहून चांगला धडा आम्हांस कोणत्याही संगणकशास्त्राच्या वर्गात मिळाला नाही.

तिसरे कर्तव्य सांगण्याचे: ठेव हरवली असता ती हरवली असे सांगण्याचे.

येथे पुन्हा चारुदत्ताकडे जावे लागते. तिसऱ्या अंकात शर्विलक भिंतीला भोक पाडून घरात शिरतो आणि झोपेत बरळणारा मैत्रेय दागिन्यांची पेटी स्वतःच्याच हाताने त्याच्या स्वाधीन करतो. सकाळी चारुदत्ताला चोरीपेक्षा अधिक दुःख होते ते यामुळे, की दरिद्री माणसाच्या घरी चोरी झाली यावर लोक विश्वास ठेवणार नाहीत. त्याची पत्नी धूता माहेरची रत्नमाला पुढे करते. ती मैत्रेयाच्या हाती देऊन चारुदत्त निरोप पाठवितो की, तुझे दागिने मी द्यूतात हरलो, त्यांच्या बदल्यात ही माला घ्यावी. ठेवीपेक्षा अधिक मोलाची वस्तू तो परत करतो, यात त्याचे औदार्य आहे. परंतु तो खोटे सांगतो, हेही खरे आहे. वसंतसेनेला तोवर सत्य कळलेले असते, म्हणून नाटकात ते खोटे गोड वाटते. मात्र नवव्या अंकात वसंतसेनेचे अलंकार न्यायसभेत मैत्रेयाच्या वस्त्रांतून खाली पडतात, आणि ते आपल्याकडे कसे आले हे चारुदत्ताला पटवून देता येत नाही. तेव्हा तो जवळजवळ सुळी जातो. वस्तूच्या प्रवासाची प्रामाणिक कथा कोणापाशी नसली, की वस्तूच खोटी साक्ष देऊ लागते.

नुकसान भरून दिले म्हणजे कर्तव्य संपले काय? आमच्या व्यवसायातील एक प्रसिद्ध घटना येथे विचारात घेण्याजोगी आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत, जेथे जगभरचे प्रोग्रामर आपले काम साठवून ठेवतात, रात्री उशिरापर्यंत बिघाड दूर करीत बसलेल्या एका अभियंत्याने चुकून भलत्याच संगणकावर पुसण्याची आज्ञा दिली. एक-दोन सेकंदांत ते ध्यानात आले, पण तोवर सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी साडेचार गिगाबाइटच काय ते उरले होते. मग प्रती शोधण्यास सुरुवात झाली. संरक्षणाचे पाच निरनिराळे उपाय कागदावर होते. त्यांतील एकही धडपणे चालत नसल्याचे आढळले. नित्याच्या प्रती प्रोग्रामच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे निघतच नव्हत्या, आणि त्या निघत नसल्याचे कळविणारी पत्रेही वाटेतच नाकारली जात होती. सुमारे सहा तासांपूर्वी त्याच अभियंत्याने दुसऱ्या कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर सर्व तगले. सहा तासांची माहिती मात्र कायमची गेली.

यावर कंपनीने काय केले? तिने आपले काम उघड्यावर आणले. घटनेचा चालू वृत्तांत सर्वांस वाचण्यास खुला ठेवला, दुरुस्तीचे प्रक्षेपण लोकांना पाहू दिले आणि पुढे आपल्या सर्व उणिवा सविस्तर लिहून प्रसिद्ध केल्या. अभियंत्याला बळी देऊन हात धुतले नाहीत. त्या वृत्तांताने जगातील असंख्य डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटरांनी आपापल्या प्रती खरोखर उघडतात की नाही, ते तपासून पाहिले असेल. प्रत घेतली एवढ्याने भागत नाही, ती पुन्हा उभी करून पाहावी लागते, हा धडा त्या सहा तासांच्या मोलाने सर्वांस मिळाला. कंपनीने चारुदत्ताप्रमाणे मुकाट्याने भरपाई केली असती, तर ठेवीदारांचे कदाचित समाधान झाले असते. पण बाकीची घरे त्याच भोकासह उभी राहिली असती.

कायदाही आता याच दिशेने आला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. इतरांच्या माहितीचा उपयोग कशासाठी व कसा करावयाचा हे ठरविणाऱ्या संस्थेला त्या कायद्याने जी इंग्रजी संज्ञा दिली आहे, तिचा सरळ मराठी अर्थ विश्वस्त असा होतो. माहिती फुटल्यास ती ज्यांची आहे त्या प्रत्येकास कळविले पाहिजे, अशी तरतूदही त्यात आहे. म्हणजे ज्याला आपली शास्त्रे न्यास म्हणत आली, तेथेच कायदा वळसा घालून पोहोचला.

यावर एक आक्षेप येईल. आज पुष्कळ डेटाबेस दूरच्या प्रचंड केंद्रांत असतात. प्रती आपोआप निघतात, बिघाड यंत्रेच ओळखतात. मग या माणसाच्या सचोटीची एवढी चर्चा कशाला? आम्हांस वाटते की, यंत्रांनी काम कमी केले, ठेव मात्र वाढविली. पूर्वी ज्या गोष्टी मनात किंवा घरातल्या पेटीत राहत, त्याही आज कोष्टकांत आहेत. कोठेतरी कोणाच्या तरी हाती किल्ली असतेच. फरक पडला आहे तो निराळा. वसंतसेना चारुदत्ताला ओळखत होती. त्याच्या सौजन्याची कीर्ती नगरभर होती. आमच्या कोष्टकांत ज्यांची नावे होती, त्यांना आमचे नाव ठाऊक नव्हते आणि कधी होणारही नाही. चेहरा न पाहता ठेवलेली ही ठेव आहे. म्हणून केवळ मी प्रामाणिक आहे एवढे म्हणून आजच्या दप्तरदाराचे भागत नाही. आपण काय पाहिले याची नोंद आपल्यालाच पुसता येणार नाही अशा ठिकाणी जावी, आपल्या प्रत्येक दुरुस्तीवर दुसऱ्याची मान्यता असावी, हे त्याने स्वतः होऊन मागितले पाहिजे. याला काही जण अविश्वास समजतात. आम्हांस तो सभ्यपणा वाटतो. अनोळखी माणसाने आपल्यावर टाकलेल्या विश्वासाला आपल्या परीने दिलेले ते उत्तर होय.

आपल्या घरांतील पुष्कळ तरुण-तरुणी आज इंदूरला, पुण्याला, बेंगळुरूला किंवा सातासमुद्रांपलीकडे हेच काम करीत आहेत. आडनावातील फडणिशी कित्येकांना आता अर्थहीन वाटत असेल. त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, पेशव्यांचे दप्तर ज्यांनी रुमालांत बांधून ठेवले, त्या कारकुनांची नावे फारशी कोणास ठाऊक नाहीत. तरी १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले, ते त्या अनाम हातांनी कागद राखून ठेवले म्हणूनच. आणि जे या व्यवसायात नाहीत, त्यांच्याही हाती काही ना काही असतेच: एखाद्या मंडळाच्या सभासदांची यादी, एखाद्या विश्वस्तनिधीची वही, शेजाऱ्याने प्रवासाला जाताना दिलेली किल्ली. ती हाती असताना आपण काय पाहतो, काय बदलतो आणि काही हरवले तर काय सांगतो, हे प्रत्येकाने आपल्याशी तपासून पाहावे.